जपानी येत नाही, तरी टोकियोत सॉफ्टवेअरची नोकरी मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३१, बी.ई., पुण्यात सहा वर्षं बॅकएंडचं काम, मुख्यतः जावा आणि अलीकडे थोडं गो. जपानी म्हणाल तर हिरागाना-काताकाना या दोन लिप्या वाचता येतात आणि एन५ चा, म्हणजे जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेतल्या सगळ्यात खालच्या पातळीचा, अर्धा अभ्यास झालाय. पत्नी फिजिओथेरपिस्ट, मुलगी तीन वर्षांची. एक एजंट ‘जपान प्लेसमेंट’साठी दोन लाख रुपये मागतोय. जपानी न येता टोकियोत नोकरी मिळेल का, आणि त्याला पैसे द्यावेत का?

एजंटचं आधी सांगतो, कारण ते पैसे कदाचित याच आठवड्यात हातातून जायचे. देऊ नका. जपानच्या कायद्यात नोकरी शोधणाऱ्याकडून प्लेसमेंटची फी घ्यायला, मोजके अपवाद सोडले तर, बंदी आहे. इथले, म्हणजे जपानमधले, रिक्रूटर कंपनीकडून पैसे घेतात, साधारण उमेदवाराच्या वर्षाच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. तुमच्याकडून एक येनही नाही. भारताच्या बाजूनेही १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. दोन लाख हा आकडा ऐकला की उठायचं.

उठण्याआधी त्याला एक प्रश्न मात्र विचारा: “व्हिसा कोणता?” उत्तर ‘टोकुतेई गिनो’ किंवा ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ असं आलं, तर तो तुमचा रस्ताच नाही. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेला तो व्हिसा वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, रेस्टॉरंट अशा कामांसाठी आहे. काम मानाचं आणि कष्टाचं आहे, पण त्याच्या पहिल्या प्रकारात बायकोमुलांना सोबत आणता येत नाही, आणि बॅकएंड इंजिनिअरसाठी तो नाहीच. जाहिरातीत मात्र सगळं ‘जपान वर्क व्हिसा’ या एकाच नावाने येतं. गेल्या काही वर्षांत मला असे तीन-चार फोन आले, आणि प्रत्येक वेळी पैसे भरून झाल्यावर आले.

तुमचा व्हिसा वेगळा. त्याचं जपानी नाव इतकं लांब आहे की सगळे त्याला ‘गिजिनकोकु’ म्हणतात: तंत्रज्ञ, मानव्यविद्यांतले जाणकार आणि आंतरराष्ट्रीय सेवा, असे तीन गट एकत्र केलेला. त्याला कामाशी संबंधित पदवी लागते, नाहीतर दहा वर्षांचा अनुभव. आयटीसाठी आणखी एक वाट आहे. भारताच्या डोएक, म्हणजे आताच्या नाइलिट या सरकारी संगणक-शिक्षण संस्थेच्या, ए, बी आणि सी लेव्हलच्या परीक्षा जपान सरकार मानतं. पदवी नसलेल्या मित्रांना हे जरूर सांगा, कारण फारच कमी जणांना ते ठाऊक असतं. तुमच्याकडे बी.ई. आहे, म्हणजे ही पायरी झाली. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करायला या व्हिसासाठी जपानीची कुठलीही परीक्षा द्यावी लागत नाही.

मग अडतं कुठे? टीममध्ये. जपानमध्ये माणसांचा तुटवडा आहे हे खरं. इथल्या अर्थ-उद्योग मंत्रालयाने २०३० पर्यंत आयटीत किती माणसं कमी पडतील याचा अंदाज काढला, त्यातला वरचा आकडा ७.९ लाखांच्या आसपास होता. तो आकडा प्रत्येक एजंटच्या माहितीपत्रकात असतो. माहितीपत्रकात नसतं ते हे, की त्यातल्या बहुतेक खुर्च्यांवर बसायला जपानी लागतं. कारण इथल्या उद्योगाच्या रचनेत आहे. जपानमधले बहुसंख्य सॉफ्टवेअर इंजिनिअर बँकेत, विमा कंपनीत किंवा कारखान्यात नोकरीला नसतात. ते या कंपन्यांसाठी सिस्टिम बांधून देणाऱ्या ठेकेदार कंपन्यांत असतात. ठेका वरच्या कंपनीला मिळतो, ती खालच्या कंपनीला देते, ती आणखी खालच्या. अशा साखळीत दिवसाचा अर्धा वेळ ग्राहकाला काय हवंय ते समजून घेण्यात आणि ते शेकडो पानांच्या एक्सेलमध्ये लिहिण्यात जातो. तिथे भाषा हेच अवजार. तिथे तुमची सहा वर्षांची जावा एन५ घेऊन गेली, तर तिला काम मिळणार नाही, आणि मिळालंच तर कोणी बोलणार नाही.

इंग्रजीत काम चालतं ते स्वतःचं प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपन्यांत, कारण तिथे इंजिनिअरला ग्राहकासमोर बसावं लागत नाही. राकुतेनने २०१० मध्ये इंग्रजी ही कंपनीची भाषा करायचं जाहीर केलं आणि २०१२ पासून अमलात आणलं, त्याची तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांतून मोठी चर्चा झाली. मेरकारीत इंजिनिअरिंग मोठ्या प्रमाणात इंग्रजीत चालतं. २०२२ मध्ये त्यांनी बंगळुरूतही केंद्र काढलं. पेपे ही मोबाइल पेमेंटची कंपनी २०१८ मध्ये पेटीएमच्या तंत्रज्ञानाच्या मदतीने उभी राहिली, तिथे पहिल्यापासून अनेक देशांचे लोक आहेत. मनी फॉरवर्ड, हेंगे, स्मार्टन्यूज, वोव्हन बाय टोयोटा, स्वयंचलित गाड्यांचं काम करणारी टियर फोर, आणि गूगल, अ‍ॅमेझॉन, इंडीड यांची टोकियोतली ऑफिसं. ही यादी पूर्ण नाही, पण फार मोठीही नाही, हे लक्षात ठेवा. ‘टोकियोडेव’ आणि ‘जपान डेव’ या दोन साइटवर प्रत्येक जाहिरातीपुढे जपानी किती लागेल आणि परदेशातून अर्ज चालेल का, हे स्वच्छ लिहिलेलं असतं. लिंक्डइनपेक्षा आधी तिथे बघा.

दुसरी वाट आपल्याकडच्या आयटी कंपन्यांतून बदली घेऊन येण्याची. टीसीएसने २०१४ मध्ये मित्सुबिशीबरोबर इथे कंपनी काढली. पुण्याच्या केपीआयटीचं जपानी वाहन कंपन्यांसाठी मोठं काम आहे. तुम्ही आत्ता अशा ठिकाणी असाल, तर बदली हा सगळ्यात कमी धोक्याचा मार्ग आहे. दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, बदलीचा व्हिसा त्याच कंपनीपुरता असतो. इथे आल्यावर दुसरीकडे जायचं तर व्हिसाचा प्रकार बदलावा लागतो. दोन, ऑनसाइट माणसाकडून लवकरच पुण्याची टीम आणि इथला ग्राहक यांच्यातला पूल बनण्याची अपेक्षा होते, आणि पुलाला जेएलपीटीची वरून दुसरी पातळी, म्हणजे एन२ तरी लागतं.

कामाच्या प्रकारानेही फरक पडतो. बॅकएंड, इन्फ्रा, डेटा, मशीन लर्निंग, मोबाइल, सिक्युरिटी, गाड्यांचं एम्बेडेड: यांना भाषेची सूट मिळते. प्रोजेक्ट मॅनेजर, बिझनेस अ‍ॅनालिस्ट, सॅप कन्सल्टंट, सपोर्ट यांना जवळजवळ मिळत नाही. फ्रेशरला फार क्वचित मिळते. तुमची सहा वर्षं म्हणजे अगदी योग्य वेळ आहे.

आता मला जे कळकळीने सांगायचंय ते. ‘इंग्लिश ओके’ ही दोन शब्दांची खात्री जाहिरातीत वाचून थांबू नका. मी २०१२ मध्ये अशाच एका जाहिरातीवर सांगलीहून इथे आलो. मुलाखती इंग्रजीत झाल्या, मॅनेजर इंग्रजी बोलायचा, ऑफर लेटर दोन्ही भाषांत होतं. पहिल्या दिवशी कळलं की टीममधला इंग्रजी बोलणारा तो एकटाच. चॅट जपानीत, डिझाइनची कागदपत्रं जपानीत, कोडमधल्या कॉमेंटसुद्धा जपानीत. मी ट्रान्सलेटर लावून काम करत राहिलो आणि वर्षभर चाललंही.

दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी सात वाजता लीडने चॅटवर मला एक ओळ लिहिली: “क्यो नो होंबान हान्एइ वा दाइजोबु देस.” होंबान म्हणजे प्रॉडक्शन, ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम, हान्एइ म्हणजे बदल चढवणं, एवढं मला तोवर येत होतं. दाइजोबु म्हणजे ‘ठीक आहे’, हे तर पहिल्या धड्यात असतं. मी वाचलं: आजचं प्रॉडक्शनला चढवणं ठीक आहे. चढवलं. त्याला म्हणायचं होतं: आज चढवलं नाही तरी चालेल, राहू दे. आपल्याकडे पंगतीत वाढपी पोळी घेऊन येतो आणि आपण ताटावर हात आडवा धरून “ठीक आहे, ठीक आहे” म्हणतो, तेव्हा कोणी पोळी वाढत नाही. तसलंच ते ‘ठीक आहे’. हात दिसत नव्हता, आणि मला शब्दाची ती बाजू माहीत नव्हती. डेटाबेसचं स्थलांतर अर्धवट होतं. चाळीस मिनिटं ऑर्डर चुकीच्या टेबलात जात राहिल्या.

कोणी आवाज चढवला नाही. लीड माझ्याशेजारी बसला, आम्ही सगळं मागे घेतलं, आणि मग पहाटे तीनपर्यंत तो ‘शोगाइ होकोकुशो’ लिहीत बसला, म्हणजे बिघाडाचा अहवाल. त्यात काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, हे सगळं असतं. मी त्याच्या स्क्रीनकडे बघत होतो. माझ्याच चुकीचा अहवाल होता आणि मला तो वाचता येत नव्हता. ती रात्र मला अजून आठवते. दुसऱ्या आठवड्यात मी जपानीच्या वर्गात नाव घातलं.

म्हणून मुलाखतीच्या शेवटी “तुम्हाला काही विचारायचंय का?” असं म्हणतील, तेव्हा संस्कृतीबद्दल गोड प्रश्न विचारू नका. नेमकं विचारा. मी ज्या टीममध्ये जाणार, तिचं रोजचं स्टँडअप, म्हणजे छोटी मीटिंग, कोणत्या भाषेत होतं? डिझाइन डॉक्युमेंट कोणत्या भाषेत लिहिता? शेवटचा मोठा बिघाड झाला तेव्हा त्याचा अहवाल कोणत्या भाषेत होता, आणि मला तो दाखवाल का? टीममध्ये जपानी न बोलणारे किती, आणि त्यांच्यापैकी कोणाला बढती मिळाली? बिघाडाच्या अहवालाचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. स्टँडअप इंग्रजीत करणं सोपं असतं; रात्री अकरा वाजता, घाईत, घाबरलेली टीम ज्या भाषेत लिहिते, ती त्या टीमची खरी भाषा. मुलाखत घेणारा या प्रश्नाने रागावला, तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

गेली सहा वर्षं मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही बसतो, त्यामुळे तिकडचं थोडं. इंग्रजी टीमना इंग्रजी रेझ्युमे पुरतो, दोन पानांचा. फोटो, वडिलांचं नाव, पासपोर्ट नंबर यातलं काही नको. आपल्याकडचे उमेदवार ‘आम्ही केलं’ असं फार म्हणतात. संकोचाने म्हणतात हे मला कळतं, पण समोरच्याला तुम्ही काय केलंत ते हवं असतं: कोणती सेवा, दर सेकंदाला किती रिक्वेस्ट, काय मोडलं होतं, तुम्ही काय बदललं. “जपानच का?” हा प्रश्न येणारच, आणि त्यामागे एक खरी भीती आहे. परदेशातून माणूस आणायला कंपनीचा पैसा आणि अर्धं वर्ष जातं, आणि तो वर्षभरात अमेरिकेला गेला तर सगळं वाया. तेव्हा किती वर्षं राहायचा विचार आहे, कुटुंब कधी येणार, भाषेचं काय करताय, हे सरळ सांगा. जपानी शिष्टाचाराची स्तुती करण्यापेक्षा पुण्यातल्या वर्गाची पावती जास्त बोलते.

नोटीस पीरियडचं गणित आत्ताच मांडून ठेवा, कारण त्यात मी चांगले उमेदवार अडकलेले पाहिलेत. ऑफर मिळाली की कंपनी इथल्या इमिग्रेशनकडे ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’साठी अर्ज करते. त्याला एक ते तीन महिने लागतात. ते हातात आलं की मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे व्हिसाचा अर्ज, ते काम काही दिवसांचं. पण त्या सर्टिफिकेटची मुदत तीन महिने, आणि तेवढ्यात तुम्ही जपानमध्ये उतरायला हवं. तुमची नोटीस ९० दिवसांची असेल, तर सर्टिफिकेट आल्यावर राजीनामा दिलात तर मुदत काठावर संपते, आणि आधी दिलात आणि अर्ज फेटाळला गेला तर दोन्ही नोकऱ्या गेल्या. माझा सल्ला: राजीनामा सर्टिफिकेट आल्यावरच द्या, पण त्याआधीच सध्याच्या कंपनीत नोटीस कमी होते का, उरलेल्या सुट्ट्या वळत्या करून मिळतील का, हे हळूच काढून ठेवा. जपानी कंपनीला ९० दिवसांबद्दल पहिल्याच कॉलवर सांगा. इथे एक महिन्याची नोटीस सर्रास असते, त्यांना हे आपणहून सुचत नाही. अनुभवाची पत्रंही आत्ताच गोळा करा आणि त्यांवरच्या तारखा रेझ्युमेशी ताडून बघा. इमिग्रेशन तारखा बघतं.

आता भाषा. “पहिली नोकरी मिळू दे, मग शिकतो” असं सगळे म्हणतात. इथे आल्यावर इंग्रजी टीम, घरी मराठी, शनिवारी भारतीय किराणा, आणि पाच वर्षं निघून जातात. माझे असे मित्र आहेत, हुशार आहेत, आणि नोकरी बदलायची म्हटली की त्यांच्यापुढे तीच वीस-पंचवीस कंपन्यांची यादी असते. पहिल्या नोकरीला जपानी लागत नाही. दुसरीला लागतं.

आणि मराठी माणसाला ही भाषा अर्धी आपली वाटते, हे मला भारतात असतानाच कोणी सांगितलं असतं तर मी आधीच सुरुवात केली असती. इंग्रजीतून शिकवणाऱ्या पुस्तकांत ज्या गोष्टींवर पानंच्या पानं खर्च होतात, त्या आपल्या तोंडात आहेत. क्रियापद शेवटी. ‘ला’, ‘ने’, ‘त’सारखे शब्द नामाच्या मागे. त्याहून गमतीचं म्हणजे जोड क्रियापदं. ‘ताबेते मिरु’: ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणे. खाऊन बघणे! ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे. ‘कात्ते ओकु’ म्हणजे विकत घेऊन ठेवणे. ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन जाणे. ऑफिसात बग आला की जपानी सहकारी म्हणतो “शिराबेते मिमास”, म्हणजे तपासून बघतो, शब्दाला शब्द. वाक्याच्या शेवटचं त्यांचं ‘ने’ हे आपलं ‘ना’. अक्षरांचा क्रमसुद्धा बघा: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तो आला आणि आपल्या बाराखडीचा नातेवाईक आहे. अमेरिकन सहकारी जिथे वर्षभर अडखळले, तिथे मी महिन्यात बोलायला लागलो, आणि त्याचं श्रेय माझं नाही, मराठीचं आहे.

डोंगर आहे तो कांजीचा, म्हणजे चिनीतून आलेल्या चिन्हांचा. तिथे शॉर्टकट नाही, पण क्रम बदलता येतो. पुस्तकातली फळं-भाज्या थोड्या मागे ठेवा आणि कामाच्या चॅटमधले शब्द पुढे घ्या: होंबान म्हणजे प्रॉडक्शन, शियो म्हणजे स्पेसिफिकेशन, फुगुआइ म्हणजे बग, शोगाइ म्हणजे बिघाड, नोकि म्हणजे मुदत, हिकित्सुगि म्हणजे काम सोपवणं. असे दोन-तीनशे शब्द ओळखता आले की चॅटमध्ये कशाबद्दल चाललंय ते कळतं आणि कुठे थांबून विचारायचं तेही. शिवाय नकाराचे शब्द शिका. “मुझुकाशी देस ने”, म्हणजे ‘अवघड आहे हो’, याचा अर्थ नाही. “केन्तो शिमास”, विचार करतो, याचा अर्थही बहुधा नाहीच.

पुण्यात आहात तर ही संधी सोडू नका. रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवतात, आणि जेएलपीटी जुलै आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा पुण्यातच देता येते. अर्ज काही महिने आधी बंद होतो, तेवढं बघा. त्या परीक्षेत बोलणं तपासत नाहीत, फक्त वाचणं आणि ऐकणं. त्यामुळे आठवड्यातून एक तास कोणाशी तरी बोला, परीक्षेव्यतिरिक्त.

एन२ चा एक अगदी रोख फायदाही आहे. ‘उच्च कुशल व्यावसायिक’ व्हिसा गुणांवर मिळतो, ७० लागतात. तुमचे मोजू. वय ३० ते ३४ चे १० गुण. पदवीचे १०. पाच वर्षांवर अनुभवाचे १०. पगार ८० लाख येन ठरला तर ३०. झाले ६०. एन२ चे १० मिळवले की बरोबर ७०, आणि तीन वर्षांत कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. ८० गुण झाले तर एका वर्षात. नेहमीच्या वाटेने दहा वर्षं. वयाचे गुण ३५ ला निम्मे होतात, हेही धरून चला. एक काळजी: हा व्हिसा सुरुवातीच्या प्रकारात कंपनीशी बांधलेला असतो, नोकरी बदलली की पुन्हा अर्ज. साध्या गिजिनकोकुवर त्याच प्रकारच्या कामात कंपनी बदलता येते, चौदा दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं इतकंच.

पगाराचं म्हणाल तर इंग्रजी टीममध्ये तुमच्या अनुभवाला वर्षाला ६० ते ९० लाख येन मिळताना मी पाहतो. पारंपरिक कंपनीत त्याच माणसाला बरेच कमी. कर, विमा, पेन्शन जाऊन साधारण पाऊणपट हातात येतात. येन गेल्या दहा-बारा वर्षांत बराच घसरलाय: २०१२ मध्ये डॉलरला ८० च्या आसपास होता, २०२४ मध्ये १६० च्या पुढेही जाऊन आला. त्यामुळे फक्त घरी पैसे पाठवण्यासाठी येत असाल तर पुण्यातला पुढचा पगार शेजारी लिहून बघा. दुसऱ्या वर्षीच्या जूनची तयारी ठेवा. रहिवासी कर आधीच्या वर्षाच्या कमाईवर लागतो, म्हणून पहिल्या वर्षी तो नसतो आणि मग अचानक पगारपत्रक हलकं होतं. करारात ‘मिनाशि झांग्यो’ शोधा. म्हणजे पगारात अमुक तासांचा ओव्हरटाइम आधीच धरलाय. तीस-पंचेचाळीस तास असतील तर तो आकडा वजा करून मूळ पगार काढा आणि मगच दुसऱ्या ऑफरशी तुलना करा. पेन्शनचे पैसे बुडतील ही भीती नको. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे.

पत्नीच्या कामाचं मी शेवटी लिहितोय, पण तुम्ही घरी याच गोष्टीपासून सुरुवात करा. जपानमध्ये फिजिओथेरपिस्टला राष्ट्रीय परवाना लागतो आणि त्याची परीक्षा जपानीत असते. म्हणजे त्यांचं शिक्षण इथे आल्या दिवशी चालणार नाही. कुटुंबाच्या व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं; तुम्ही गुणांच्या व्हिसावर गेलात तर जोडीदारासाठी नियम सैल आहेत. पण त्यांना त्यांचंच काम करायचं असेल, तर भाषेची खरी गरज तुमच्यापेक्षा त्यांना आहे. मला शक्य असतं तर मी वर्गाची पहिली फी त्यांच्या नावाने भरली असती. इथे मी अशा बऱ्याच जणी पाहिल्यात, भारतात स्वतःचं काम असलेल्या, आणि इथे चार-पाच वर्षं घरात. ते दुःख पगारपत्रकात दिसत नाही.

मुलीचं त्या मानाने सोपं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर-बालवाडीची मूळ फी ऑक्टोबर २०१९ पासून माफ आहे, आणि सहा महिन्यांत ती तुमची दुभाषी होईल. अडचण तुमचीच: रोज तिच्या दप्तरातून ‘रेन्राकुचो’ येईल, बाईंनी हाताने लिहिलेली वही, आज काय जेवली, किती झोपली, उद्या काय आणायचं. ती वाचावीच लागते. भारतीय अभ्यासक्रम हवा असेल तर टोकियोत २००४ आणि २००६ पासून दोन भारतीय शाळा आहेत, फी मात्र कंपनी देणार का ते ऑफरच्या वेळीच बोला.

घरासाठी निशिकासाई बघाल, सगळे तेच करतात. वाय-टू-केच्या काळात आलेल्या भारतीय इंजिनिअरांमुळे ती वस्ती वाढली, तोझाई लाइनने ओतेमाचीच्या ऑफिसांच्या भागात थेट जाता येतं, आणि तिथल्या एदोगावा वॉर्डातून २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले. ‘यूआर’ या निमसरकारी गृहसंस्थेची घरं बघा. त्यांना जामीनदार लागत नाही, आणि घरमालकाला द्यायची ‘रेइकिन’ ही परत न मिळणारी रक्कमही नाही.

आणि आई-वडिलांचं. तुम्ही विचारलं नाही, पण दोन वर्षांनी विचाराल, म्हणून लिहितो. साध्या गिजिनकोकुवर आई-वडिलांना कायम सोबत ठेवायची सोय नाही, फक्त थोड्या दिवसांची भेट. गुणांच्या व्हिसावर, घरचं उत्पन्न ८० लाख येनच्या वर असेल आणि सात वर्षांखालचं मूल सांभाळायचं असेल, तर दोघांपैकी एका बाजूच्या आई-वडिलांना आणता येतं. मुलगी आज तीनची आहे. एन२ ला दोन वर्षं धरली तर ती पाचची होईल, आणि मग आजी-आजोबांसाठी हातात दोनच वर्षं उरतात.